स्टिअरिंग उसवल्याची हकिकत

ती. अक्का,

आधी तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार, मग तुम्हाला. गुडघ्यांचा मान पहिला, कारण पत्राच्या शेवटी मला त्यांच्याकडेच काम आहे. इकडे आम्ही खुशाल. (आम्ही म्हणजे मी आणि तुमचे धाकटे बंधू. गाडी खुशाल नाही, पण तिची हकिकत पुढे येईलच.) पत्राबरोबर आलेला गोल डबा कृपा करून सगळं वाचून होईपर्यंत उघडू नका. खायचं काही नाही त्यात. कुरिअरवाल्याने आत काय म्हणून विचारलं, तेव्हा मी शिवणकामाचं सामान असं सांगितलं, आणि माझ्या मते ते अगदीच खोटं नव्हतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, मी म्हणते करा, सगळी बिल्डिंग म्हणते करा. हे म्हणतात, मला लख्ख दिसतं. लख्ख म्हणजे कसं, तर तीन महिन्यांमागे यांनी कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि लाल टपालपेटीला हाताने खूण केली, की जा, आधी तुम्ही जा. (टपालपेटी गेली नाही. मग हे चिडले, आणि बायकांना रस्ता कसा ओलांडता येत नाही यावर मला घरी येईपर्यंत व्याख्यान ऐकावं लागलं.) तेव्हा मी हसून घेतलं. पण त्याच आठवड्यात शाळेतून येणारी एक मुलगी सायकलवरून आडवी आली. मी किंचाळले, यांनी दचकून ब्रेक दाबला, आणि ती पोर बंपरपासून हातभर अंतरावर एक पाय टेकून उभी राहिली. वर हे मलाच विचारतात, का ओरडलीस? अक्का, त्यांना ती दिसलीच नव्हती.  त्या दिवसापासून मी यांच्या गाडीत बसणं सोडलं, पण मी बसले नाही म्हणून सायकलवरच्या मुलींचं काय भलं होणार होतं?

मग उपाय सुरू केले. किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, तर यांनी किल्लीवाल्याकडून दुसरी करून आणली. तीही लपवली. आता घरात त्या गाडीच्या चार किल्ल्या आहेत आणि पोळ्यांना लोखंडाचा वास येतो. टायरची हवा सोडली, तर पंप घेऊन हे अर्धा तास हवा भरत बसले आणि व्यायाम झाला म्हणून दोन घास जास्त जेवले. बॅटरीची तार काढली, तर जन्म वीज कंपनीत गेलेला माणूस. तारा जोडायला त्याला डोळे लागत नाहीत. गॅरेजवाल्याची मदत घ्यावी, तर तो यांचा पत्त्यांतला भिडू. त्याच्या कानात घातलेलं पुढच्या डावाला यांच्या कानात. तेव्हा मी विचार केला, की तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवलाय, जे जोडलेलं असतं ते उसवता येतं हे मुलींना पहिल्याच दिवशी शिकवलंय, मग गाडी काय आभाळातून पडली का? अंगरख्याच्या बाह्या काढल्या तर तो घालता येतो, पण गाडीचं स्टिअरिंग काढलं तर कुठला शहाणा ती चालवील?

काम वाटतं तितकं सोपं नाही हो. स्टिअरिंगच्या मधोमध जी गुबगुबीत उशी दिसते तिच्या पोटात एअरबॅग असते, आणि ती भलत्या वेळी फुटली तर माणसाचं नाक जागेवर राहत नाही. म्हणून आधी गाडीबरोबर आलेली पुस्तकं (घेतल्यापासून प्लास्टिकच्या पिशवीत सोवळ्यात होती) आणि मोबाइलवरचे मिळतील ते व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून पाहिले. हे पत्ते खेळायला गेले तशी मी खाली उतरले. चाकं सरळ केली, किल्ली काढली, बॅटरीची तार सोडली. पण तार सोडली म्हणून लगेच हात घालायचा नाही, आत साठलेली वीज निवू द्यायची असते. मी वर आले, चहा केला, निवांत प्यायले, एका सदऱ्याची सगळी बटणं लावली आणि मग परत गेले. स्टिअरिंगच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यांत विणकामाची जाड सुई घालून दाबलं की टक् होऊन उशी सुटते. तिची पिवळी पिन नखाने हलकेच सोडवली आणि ती उशी अंगापासून लांब, तोंड पलीकडे करून जिन्याने वर आणली. खालच्या काकूंनी विचारलंच, नवी उशी का? म्हटलं हो, पण हिच्यावर डोकं ठेवायचं नाही. आता ती माळ्यावर तोंड वर करून एकटीच बसली आहे, आणि तिच्यावर काही ठेवायला मी यांना (आणि स्वतःलाही) बंदी केली आहे.

मधला नट मात्र महा हट्टी निघाला. नळवाल्याकडून मोठा पाना आणला, त्याच्या दांड्यावर पाइप चढवला, आणि मनात यांचा चेहरा आणून जोर लावला तेव्हा कुठे हलला. उसवण्याआधी खूण करायची ही माझी सवय. स्टिअरिंगच्या चाकावर आणि ते ज्या दांड्यावर बसतं त्याच्यावर समोरासमोर खडूची रेघ मारली, खडू पुसला जातो म्हणून वर नेलपॉलिश. नट पुरता काढायचा नाही, चार आटे ठेवायचे, कारण चाक सुटतं ते एकदम सुटतं. सुटलं. नट होता म्हणून माझे दात आहेत. मागे एक गोल फिरकी राहते, ती फिरू नये म्हणून चिकटपट्टी लावली. सांगायला हरकत नाही अक्का, इतका आनंद मला क्लासला सरकारी मान्यता मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. दार उघडून बसले. किल्ली फिरवली, आवाज नाही. उतरले, बॉनेट उघडलं, बॅटरीची तार जोडली, बॉनेट लावलं, परत येऊन बसले. आरसा नीट केला. पट्टासुद्धा लावला! आणि मग, मी बसत नाही तरी मला खाली बोलावायला नेहमी करतात तसा, हॉर्न दाबायला तळहात जोरात पुढे केला. पुढे काहीच नव्हतं. हात गेला, हातामागून खांदा गेला, आणि कपाळ टेकलं समोरच्या काचेच्या खाली. मी धावत गेले. लागलं काही नव्हतं. हे दोन्ही हातांनी हवेत चाचपत होते, जणू चाक इथेच कुठेतरी असणार. मी एवढंच विचारलं, की दोनदा चढलात, एकदा उतरलात, आणि स्टिअरिंग नाही हे दिसलं नाही? त्यांनी हळूच पट्टा सोडला.

मला वाटलं होतं मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. संध्याकाळी ते आपण होऊन म्हणाले, की डोळ्याला सुरी लावायची या विचारानेच झोप उडते, आणि आहे तेवढंही दिसेनासं झालं तर तुझा चेहरा बघायचा राहील. (माझा चेहरा! ज्याच्याकडे गेली दहा वर्षं वर्तमानपत्राआडून बघतात.) मला रडू आलं, त्यांनाही आलं. येत्या गुरुवारची तारीख घेतली. पण रात्र उलटली तशी स्वारी पुन्हा मूळपदावर. म्हणाले, जाईन तर स्वतःच्या गाडीतून जाईन, टॅक्सीत बसणार नाही, दुसऱ्या कुणाच्या गाडीत तर मुळीच नाही. गाडीला चाक नाही आणि घरात चालवणारं दुसरं कोणी नाही, म्हणजे ऑपरेशन आपोआप टळलं, असा हिशेब. तेव्हापासून मजेत शीळ घालत फिरताहेत, आणि मधूनमधून मला टोमणे मारतात, की एक जुडी कोथिंबीर आणायला हिला रोज सकाळी तास लागतो.

तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. डब्यात काय आहे ते तुम्ही ओळखलंच असेल. घरात ठेवलं असतं तर यांनी तांदळाचा पिंपसुद्धा उपसला असता. तुमच्या कपाटाला हात लावायची मात्र त्यांची छाती नाही. बुधवारी सकाळी तो डबा घेऊन इकडे या. गॅरेजवाल्याला मी बोलावलं आहे (आता कळलं तरी चालेल), चाक आणि उशी तोच बसवणार. उसवणं वेगळं, असली वस्तू परत जोडणं वेगळं. त्यात मी हौस करणार नाही.

आणखी एक ता. क. कोथिंबिरीला तास लागत नाही. पाच मिनिटं लागतात. उरलेला वेळ मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असते. मागच्या सोमवारी लायसन्स आलं. यांना अजून सांगितलेलं नाही, गुरुवारी सकाळी पट्टा लावल्यावर सांगीन.

शेवटचं, आणि खरं काम हेच. गुडघे दुखतात हे माहीत आहे, पण गुरुवारी तुम्ही मागच्या सीटवर यांच्या शेजारी बसा. हे दवाखाना येईपर्यंत 'ब्रेक, ब्रेक' ओरडणार. अडुसष्ट वर्षांचे झाले तरी तुमच्या तोंडून 'गुंड्या' ऐकलं की सरळ बसतात. तेवढं एकदा म्हणा. बाकी रस्ता मी बघते.