शिवांगीच्या नावावर

५ जानेवारी २०२५, नांदेड

टी-शर्ट आला. निळा. पाठीवर मोठ्या अक्षरात — शिवांगी.

आमचे कोच अण्णाराव सर म्हणाले, "आजपासून मैदानावर तू शिवांगी. वय सतरा. कुणी काही विचारलं तर कमी बोलायचं."

माझं वय वीस. अठराखालच्या बेसबॉल संघात मला जागा न्हाई, आणि मोठ्यांच्या संघात पुण्या-मुंबईच्या पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, चार-चार वर्षं ठाण मांडून हायेत. शिवांगी माझी धाकटी बहीण. लातूरला बारावी सायन्सला, तिथंच होस्टेलवर. तिचं आधार बाबांनी सरांना दिलं. सरांनी त्यावर माझा फोटो चिकटवून झेरॉक्स काढली.

तिला विचारलं का, म्हटलं. बाबा म्हणाले, "त्यात काय विचारायचं? घरातलंच हाय."

९ जानेवारी

शेवटी मीच फोन करून तिला सांगितलं. म्हणाली, "ताई, मग मी कोण?" आणि हसली.

मी पण हसले.

१९ जानेवारी

जिल्हा निवडीचा सामना. अकरा जणींना स्ट्राइक आउट केलं. चेंडू हातातून सुटतानाच कळत होतं — हा वळणार.

पाचव्या डावात लुबना ओरडली, "आरती, बाहेर टाक!" लुबना आमची कॅचर. लहानपणापासून माझे चेंडू तीच झेलते. पंचानं वहीतून मान वर केली. सर लगेच म्हणाले, "घरचं नाव हाय तिचं."

परतताना ऑटोत लुबना म्हणाली, "माफ कर. तोंडात तेच बसलंय. पण ये कित्ते दिन चलता गे?"



२८ जानेवारी

खांदा ठीक. झोप न्हाई.

४ फेब्रुवारी, जालना

राज्य स्पर्धेची फायनल जिंकली. दोन-एक. शेवटच्या बॅटरला तीन चेंडू टाकले, तिन्ही हुकली.

नागपूरहून आलेल्या निवडवाल्या मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग स्पीकरवर पुकारलं — उत्कृष्ट पिचर, शिवांगी मोरतळे. मी टाळ्या वाजवत बसले. लुबनानं कोपर मारलं तेव्हा उठले.

संध्याकाळी शिवांगीला फोन केला. ती म्हणाली, "माझं पण आज फिजिक्सचं प्रॅक्टिकल झालं. लई चांगलं गेलं." दोघी खूश.

३ मार्च

बारावीच्या खेळाडूंना जास्तीचे मार्क मिळतात. बाबांनी माझं — म्हणजे तिचं — सर्टिफिकेट शोधून काढलं. लातूरला तिच्या कॉलेजात द्यायला निघाले. "तुझा खेळ तिच्या बारावीला कामाला येईल," म्हणाले. कधी नव्हे ते इतके खूश.

पिशवीत घालायच्या आधी मी वाचलं. सामन्याची तारीख, ४ फेब्रुवारी.

प्रॅक्टिकलचीही तीच.

बाबा चपला घालत होते. एक शब्द बोलायचा होता. नागपूरच्या निवड कॅम्पची यादी दोन दिवसांत लागणार होती. बोलले न्हाई.

५ मार्च

यादी लागली. चार पिचर. दुसरं नाव शिवांगी. या कॅम्पमधून इंडियाचा संघ निवडणार.

सरांनी पेढे वाटले. माझा मी लुबनाला देऊन टाकला.

१५ मार्च

कॉलेजची नोटीस आली. एकाच दिवशी पोरगी जालन्यात खेळली आणि लातुरात प्रॅक्टिकलला सही केली, हे कसं? एक तर सर्टिफिकेट खोटं, न्हाई तर परीक्षेला दुसरीच बसली. खुलासा द्या. न्हाई तर निकाल रोखू.

सर फोनवर म्हणाले, "कॅम्प होईपर्यंत तोंड बंद." बाबा म्हणाले, "तू वीस तारखेला नागपूरची गाडी धर. एकदा इंडियाची झालीस की कोण विचारतंय? लातूरचं मी बघतो."

शिवांगीनं फोनवर विचारलं, "ताई, मी तिथं काय सांगू?"

"बाबा बघतील," म्हटलं.



१८ मार्च

पन्नास चेंडू टाकले. चार-पाच सोडले तर सगळे वाकडे. लुबनानं मास्क काढला, ग्लोव्ह काखेत धरला आणि घरी गेली.

२० मार्च, मुदखेड स्टेशन

नांदेडहून गाडी सुटली आणि शिवांगीचा फोन आला. काल बाबा तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले होते. तिनं लिहून दिलं — जालन्याला मीच खेळले, प्रॅक्टिकलला दुसरीला बसवलं. खाली सही केली. वर्ष गेलं. पुढचंही जाईल म्हणतात.

"आता तुला कुणी अडवत न्हाई, ताई. जा तू." रडत नव्हती. सामान आवरत होती, होस्टेल सोडायला सांगितलंय.

मुदखेडला उतरले. बाकड्यावर बसून याच वहीच्या पानावर प्राचार्यांना अर्ज लिहायला घेतला. 'मी, आरती बालाजी मोरतळे, वय वीस...' एवढं लिहिलं तोवर गाडी हलली. बॅग, ग्लोव्ह सगळं आतच.

उठले न्हाई. पुढचं लिहीत बसले.