नऊ नंबरचं वाक्य

कायफेंग, थंडीचा दुसरा आठवडा

आदरणीय ताई,

धाकट्या शोउचेनचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? भाओजींचा गुडघा या थंडीत काय म्हणतो? मी खुशाल आहे. (खोकला आहे, पण तो आता नोकरीत कायम झाला आहे.) तुझं दोन ओळींचं पत्र गेली सव्वीस वर्षं दर नवीन वर्षाला वेळेवर मिळतं. दुसरी ओळ 'काळजी घे' अशी असते. घेतो.

हे पत्र लांबणार आहे, चहा ओतून बस. आमच्या अध्यापक विद्यालयात मी सध्या दोन कर्मांची वाक्यं शिकवतोय, म्हणजे कुणाला आणि काय. गंमत अशी की आपल्या चिनी भाषेत देण्याचं आणि घेण्याचं वाक्य एकाच साच्यात बसतं. माणसं आपापल्या जागी, वस्तू आपल्या जागी. फक्त क्रियापद बदललं की ज्याला मिळायचं, त्याचंच जातं. पण पाठ्यपुस्तकातला अमका चांग सान तमक्या ली स्सला पुस्तक देतो, हे मी बावीस वर्षं ऐकवतोय. (इतकी पुस्तकं मिळूनही ली स्स ढ तो ढच.) मुलं पेंगतात. म्हणून यंदा सरावाच्या कागदाचं स्टेन्सिल कापताना मी आमच्याच विद्यालयातली माणसं वाक्यांत घातली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

वाक्य चार : 'बॉयलरवाला छिउ ग्रंथपाल यानबाईंना थर्मासभर गरम पाणी देतो.' वाक्य आठ : 'यानबाईंनी छिउची छत्री घेतली.' दोन्ही निव्वळ कल्पनेतली, शपथेवर सांगतो. कागद वर्गाबाहेर गेला आणि तासाभरात यानबाई माझ्या टेबलापुढे उभ्या. "मास्तर, चुगली कुणी केली?" बाईंनी खरोखरच अकरा वर्षांपूर्वी भर पावसात त्याची छत्री नेली होती. परत द्यायची राहिली, मग लाज वाटू लागली, मग त्या त्याचं तोंड चुकवू लागल्या. तेव्हापासून गरम पाणीही घरूनच आणायच्या. (मी समजत होतो, बाईंचं पोट नाजूक आहे.)

दुसऱ्या दिवशी बाई छत्री आणि वर पिशवीभर संत्री घेऊन बॉयलरवर गेल्या. आता तीनदा 'नको' न म्हणता भेट घेतली तर माणूस हावरा ठरतो. छिउ नको म्हणाला, बाईंनी रेटली, त्याने परत ढकलली, पिशवी फाटली आणि संत्री कोळशात गेली. "अरे, अकरा वर्षं तुझी छत्री ठेवून घेतली मी, आता तरी घे!" बाई रडकुंडीला आल्या. छिउ म्हणाला, "पण वापरलीत कुठे? दर पावसात भिजत जाता, बघतो ना मी!" मग त्याने न विचारता त्यांचा थर्मास उचलला आणि काठोकाठ भरला. चार नंबरचं वाक्य खरं झालं.

मी आपली फुशारकी मारत होतो, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "मास्तर, नऊ नंबरचं तरी बनवलेलं आहे ना?" मी कागदाची घडी करून खिशात घातली. वाक्य नऊ : 'धाकट्या भावाने ताईचा शब्दकोश घेतला.'

बाबांनी तो तुला दिला होता. मी चार दिवसांसाठी म्हणून नेला. त्याच्या जोरावर मी मास्तर झालो आणि तू गिरणीत गेलीस. मला फार लाज वाटते, ताई. इतकी वर्षं मी अशा वाक्यांचा अर्थ दुसऱ्यांना समजावत बसलो.

तुझा,
शोउचेन

ता.क. : शब्दकोश टपालाने पाठवणार होतो, पण तू तो परत पाठवशील. तेव्हा तुझं तीनदा 'नको' म्हणून झालं, असं मी धरून चालतो आणि स्वतःच घेऊन येतो. पुढच्या आठवड्यात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सणाला, दुपारच्या गाडीने. (मधली पानं माझ्या शाईने बरबटली आहेत. रागावू नकोस. बरं, रागाव.)

ता.क. २ : त्या सणाला सारण भरून उकडलेले जियाओझ खाल्ले नाहीत तर थंडीने कान गळून पडतात, हे मला लहानपणी तूच सांगितलं होतंस. मी अजून भितो. दार उघडलंस तर मला एक वाटी दे. मी एकदाही नको म्हणणार नाही.