आधी ओ कोण देतं

आई, सातपूरच्या ट्रेनिंग सेंटरमधली तुझी लॅब आता माझ्याकडे आहे, आणि तुझा संशयी स्वभावही. दूध रोजच्या गवळ्याचं असलं तरी वास घेतल्याशिवाय तू ते तापायला ठेवायची नाहीस. लॅबमध्येही तेच. पोरं गेम टाकतात म्हणून तू सगळ्या कॉम्प्युटरांच्या हार्ड डिस्कच काढून घेतल्यास. "पोटात काही ठेवलंच नाही तर बिघडवतील काय?" म्हणालीस. तेव्हापासून मशीन सुरू झालं की नेटवर्कवर हाक मारतं, लिनक्स सर्व्हर ओ देतो आणि सगळं तोच पुरवतो. तू गेल्यावर नवा सर्व्हर आला. तुझा भंगारात गेला, असं मला सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात लॅब येड्यासारखी वागायला लागली. काल चाललेलं मशीन आज काळ्या पडद्यावर अडकतं, आजचं उद्या. नवा सर्व्हर ठणठणीत. माझा संशय थेट गेला दिंडोरीहून येणाऱ्या नव्या इन्स्ट्रक्टरवर. तो आला आणि हे सुरू झालं, शिवाय त्याचा लॅपटॉप सतत लॅबच्या वायरीला जोडलेला. त्याची नोकरी अजून कच्ची. प्राचार्यांनी विचारलं, "कोण करतंय हे?" मी म्हटलं, "उद्या नावासकट सांगते."

अडकलेल्या पडद्यावर सर्व्हरचा पत्ता दिसतो, तो आमचा नव्हताच. म्हणजे दुसरंच कुणीतरी आधी ओ देत होतं. मी इन्स्ट्रक्टरच्या देखत त्याच्या लॅपटॉपची वायर उपटली. काही फरक नाही. मग एकेक वायर काढत गेले. एक काढली आणि सगळी मशीन सुरळीत उठली. ती वायर जाते स्टोअररूममध्ये, तुझ्या लोखंडी कपाटात. कुलूप तोडलं तर आत तुझा सर्व्हर चालू! कुणी हात लावू नये म्हणून तू तो पहिल्यापासून तिथूनच लपवून चालवत असणार. स्टोअरची बंद पडलेली लाइन वायरमनने गेल्याच आठवड्यात जोडली, वीज आली आणि तो कधीकधी नव्याच्या आधी ओ देऊन तुझी जुनी, आता न चालणारी सिस्टिम पुरवायला लागला.

"मॅडम, माझ्यावर डाऊट व्हता ना तुमचा?"

"हो," मी म्हटलं. फार लाज वाटली.

तो कपाटात डोकावला. मग म्हणाला, "बंद करू का ह्याला? आता काय कामाचा नाय."

"राहू दे. फक्त नेटवर्कला जोडू नकोस. बॅकअप आहे त्यात."

प्राचार्यांना सांगितलं, जुनं मशीन होतं. कुणाचं ते सांगितलं नाही. कपाटाला नवं कुलूप लावलंय, आतून पंख्याची घरघर ऐकू येते. इन्स्ट्रक्टर आता माझ्याकडेच संशयाने बघतो. बघू दे. बॅकअप वगैरे काही नाही, आई. मला तो बंद करवत नाही.