सेफ्टी ऑफिसरच्या आईची न्हाणी

४ मे, जामनगर
सुट्टी मंजूर. आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
गावी जाऊन आईला न्हाणी बांधून देणार. तिचं मागणं लहान. चार भिंती, एक दार, आतून कडी. सध्या परसात तीन बाजूंना साड्या, चौथ्या बाजूला नशीब. वारा सुटला की एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात साडी. मी फोनवर म्हटलं, आई, विचार मोठा कर. खाली न्हाणी, वर स्लॅब टाकून पाहुण्यांची खोली. डहाणूचा समुद्र बघून कंटाळलेले लोक डोंगराकडे येतील. ती म्हणाली, दार तेवढं विसरू नको.
साइटवर सेफ्टीवाल्या त्रिपाठीने परत पकडलं. बेल्ट होता, हुक लावला नव्हता. सगळ्यांसमोर उभं केलं. माणूस जळतो माझ्यावर.

८ मे, तलासरी, घरी
येताना साइटवरचं एक हेल्मेट आणि लाल-पांढऱ्या पट्टीचा रोल आणला. चोरी नाही. अनुभव आणला.
शेजारचा उमेश बारावी झालाय, म्हणून बोलतो. म्हणे, मुकेशदादा, आधी ग्रामपंचायतीत अर्ज टाक. नुसती न्हाणी असेल तर लवकर होईल, स्लॅबचं वेगळं असतं. मी म्हटलं, जागा आपली, परस आपलं, आई आपली. परवानगी कोणाची?
पण कामावर परमिट पाहिजेच. जामनगरला परमिटशिवाय खिळा ठोकत नाहीत. इथे परमिट मी देणार. दारासाठी बाबांनी मोठी फळी आणली होती, तिची पाटी केली. ‘परवानगीशिवाय आत येऊ नये. हुकमावरून, सेफ्टी ऑफिसर मुकेश.’ दार नंतर बघू. बाबा म्हणाले, शेळ्यांना वाचता येत नाही. शिक्षणाला त्यांचा पहिल्यापासून विरोध.

१० मे
आज पाडा मदतीला आला. आमच्याकडे कोणी बांधायला काढलं की घरटी एक माणूस येतो, मालकाने जेवण आणि ताडी द्यायची. मी जाहीर केलं, ताडी बंद, हेल्मेट सक्तीचं. हेल्मेट एकच आहे आणि ते ऑफिसरला लागतं. मग एकेकाला माझ्या तोंडासमोर फू करायला लावलं. हिरूकाकांनी अशी फू केली की मलाच खाली बसावं लागलं. भिकीकाकी म्हणाली, माझ्या मांडीवर हगायचास तेव्हा परमिट घेत होतास का रे?
सगळे हसले आणि ताडीचं मडकं उचलून घरी गेले.
शिस्त लागली. दिवसभरात एकही अपघात नाही.

१२ मे
कामाला बाबा आणि मी. बाबा खणतात, मी नजर ठेवतो. सांडपाण्याचा खड्डा त्यांच्या छातीएवढा झाला. दुपारी त्यांची कंबर धरली. परमिटमध्ये विश्रांती लिहिलेली नव्हती, तरी दिली.
आई म्हणाली, खड्ड्यावर काहीतरी टाक रे, मी पहाटे इकडूनच जाते. पत्रा टाकू का विचारत होती. मी म्हटलं, पत्रा हा गावठी उपाय. बॅरिकेडिंग होईल.

१३ मे
ग्रामसेविका मॅडम आल्या. मी पाटीजवळच अडवलं. हेल्मेट?
त्यांनी उन्हात उभं राहूनच सांगितलं, स्लॅबचं काम काढू नका, त्याला रीतसर अर्ज करा. नुसती न्हाणी हवी असेल तर आत्ता लिहून द्या, मीच घेऊन जाते. आई लगबगीने पेन शोधायला आत गेली. मी म्हटलं, मॅडम, आमच्या प्रोजेक्टचे तुकडे होणार नाहीत. आई पेन घेऊन बाहेर आली तोवर मॅडमची गाडी वळली होती. ती पेन धरून तशीच उभी. जिंकल्यावर सुद्धा या बाईला आनंद नाही.
संध्याकाळी बॅरिकेडिंगला पट्टी काढली. पण उद्या उद्‌घाटनाचा फोटो आहे. पाटीभोवती झालर छान दिसली. रोल संपला.

१४ मे
आई खड्ड्यात पडली. बादलीसकट. पाय मोडला.
तिने हाका मारल्या तेव्हा मी झोपेत होतो. बाबांना कंबरेमुळे उतरता येईना. उमेश आणि हिरूकाका उतरले. दोघंही परमिटशिवाय. हिरूकाकांच्या तोंडाला ताडीचा वासही येत होता. मी काही बोललो नाही. मन मोठं लागतं.
दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, खड्ड्याला कठडा नव्हता? मी म्हटलं, पाटी होती. आईला वाचता येत नाही, त्याला मी काय करू.
साइटच्या पद्धतीने रिपोर्ट तयार केला. अपघाताचं कारण: अनधिकृत व्यक्तीचा प्रवेश. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी कंबर धरलेली असूनही कुदळ उचलली.
सुट्टी आटोपती घेतली.

१५ मे, गाडीत
त्रिपाठीला पण घरचे असंच वागवत असणार.

२९ मे, जामनगर
उमेशने फोटो पाठवला. अर्ज त्याने लिहिला, आईने अंगठा दिला. मग पाड्याने एका दिवसात न्हाणी उभी केली. कारवीच्या कुडाच्या भिंती, खड्ड्यावर पत्रा, आतून कडी. ताडी भरपूर झालेली दिसते, हिरूकाका फोटोत तिरके आहेत.
दार म्हणजे माझीच पाटी. उलटी लावलीय. माझं नाव आत गेलं. बाहेरच्या कोऱ्या बाजूवर उमेशने खडूने लिहिलंय, ‘आत येण्याआधी खोका.’
फळी तीच. म्हणजे न्हाणी मीच बांधली असं धरायला हरकत नाही.
हे सांगायला आईला फोन केला. भिकीकाकीने उचलला. म्हणाली, न्हाणीत आहे. दुपारी केला. न्हाणीत. संध्याकाळी केला. न्हाणीत. मागून आईचा आवाज आला, ठेव गं भिके.
प्लास्टर भिजवायचं नसतं. एवढा साधा नियम. पण तिथे आता सांगणारं कोणी नाही.