दुसरं बोलावणं

बाबा, आज ऑफिसात साहेबांनी बोलावून विचारलं, गोडाऊनची जाहिरात मेलने पाठवायची का, लोकांच्या पत्त्यांची मोठी यादी विकत मिळते आहे. मी नको म्हणाले. का, म्हणून विचारलं, तर एवढंच सांगितलं की ज्यांनी मागितलेलं नाही त्यांना पाठवू नये, लोक चिडतात. साहेब हसले. "अहो मॅडम, चिडून काय करणार? डिलीट करतील." मी जागेवर येऊन बसले, पण नंतर कामात लक्ष लागलं नाही. चिडलेली माणसं काय करतात ते मी आपल्या घरात पाहिलं आहे.

शेलार गावातल्या शेडमधले आपले लूम, कापड विणायचे माग, तेव्हा चालू होते, म्हणजे लाइट असेल तेव्हा चालू होते. कापड चांगलं होतं, पण घेणारे एकेक करून कमी होत गेले आणि शेवटी मुंबईच्या त्या एका जुन्या शेठवरच सगळी शेड उभी होती. नेमका तेव्हा लोकांच्या मेल-पत्त्यांची यादी सीडीवर विकणारा तो सीडीवाला आला. ओटीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "चाचा, एक क्लिक में लाखों लोगों को चिट्ठी. घर बैठे दुनिया आपका कपड़ा देखेगी." तू माझ्याकडे बघितलंस, कारण घरात कॉम्प्युटर मलाच येत होता. मी म्हटलं, ओळख ना पाळख, अशा माणसांना कशाला? तू म्हणालास, "वलख अशीच होते गो. आवतान देतो तवा काय सगली सोयरीच असतात?"

गावात कुणाचंही लग्न असलं की आवतण द्यायला तुलाच पाठवायचे. दारात उभा राहून तू घरच्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारायचास. एक घर वगळायचा नाहीस, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचंही नाही. आणि पंगत मांडली की पुन्हा फिरायचास, "जेवाला चला" म्हणत. एकदाच बोलावलं तर वरवरचं बोलावणं, दुसऱ्यांदा येऊन बोलावलं तर मनापासूनचं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. मेललाही तू तोच नेम लावलास. मी म्हटलं, यादीतले कापडवाले तेवढे निवडू या. तू म्हणालास, "एक घर सुटला तं वरीसभर नाव ठेवतील." मजकूर तूच सांगितलास, वरचं 'प्रिय ग्राहक' तेवढं सीडीवाल्याचं. आमच्या शेडवर या, कापड हाताने बघा, चहा घेऊन जा. खाली तुझं पूर्ण नाव आणि घरचा फोन. सोबत कापडाचे मोठमोठे फोटो. सीडीवाल्याने ते आपल्याच मेल आयडीवरून सगळ्यांना पाठवलं, आणि काही दिवसांनी तेच पुन्हा, कारण दुसरं बोलावणं राहिलं होतं.

फोन वाजायला लागला तेव्हा तू सदरा घालून बसला होतास, गिऱ्हाईक येईल म्हणून. पहिल्याच माणसाने आईवरून शिवी दिली. तुला वाटलं राँग नंबर असेल. मग दुसरा, तिसरा. कुणी विचारी, माझा पत्ता तुला कुणी दिला? कुणी नुसतंच ओरडून फोन आपटी. शेजारच्या शेडवाले चाचा हसत हसत आले, "क्या भाई, आपका कपड़ा तो मेरे भांजे को दुबई में पहुँच गया! वो तो दाँत निकालता है वहाँ." तूही हसलास. पण संध्याकाळी पुण्याहून एका माणसाचा फोन आला, त्यानंतर तू हसला नाहीस. त्याची आई दवाखान्यात होती आणि तिचे रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरकडून मेलने यायचे होते. आपल्या फोटोंनी त्याची मेलची पेटी भरली, रिपोर्ट परत गेले. तो ओरडला नाही. म्हणाला, "काका, मी तुमच्याकडे काय मागितलं होतं?" तू उभा राहून फोन धरला होतास. "चुकलो साहेब," एवढंच तुला सुचलं.

फोन ठेवून तू मला म्हणालास, "यांची घरा कुठं हायत, सांग. मी जाऊन येतो." आवतणात चूक झाली तर तू तसंच करायचास, दारात जाऊन हात जोडायचास आणि तिथलं पाणी पिऊन यायचास. मी सांगितलं, बाबा, यात घरं नसतात, नुसते पत्ते असतात. तुला ते पटलं नाही. पत्ता हाय आणि घर न्हाय, असं कसं?

पुढे जे झालं ते गुपचूप झालं. ज्यांच्याकडून इंटरनेट घेतलं होतं त्यांच्याकडे तक्रारींचा ढीग लागला आणि त्यांनी आपली आयडी बंद केली. शेठची ऑर्डर त्याच आयडीवर यायची. ती आली नाही, म्हणून आपण वाट बघत राहिलो. तिकडे उत्तर मिळेना, म्हणून शेठने दुसऱ्याला माल सांगितला. आपण दोघं मुंबईला त्याच्या पेढीवर गेलो तेव्हा त्याने चहा सांगितला, पण तुझ्याकडे बघितलं नाही. "मुझे भी आया था तुम्हारा काग़ज़. दो बार. प्रिय ग्राहक! इतने साल का आदमी मैं, और प्रिय ग्राहक? मैंने सोचा, माल सड़ रहा है इसका, तभी गली गली चिल्ला रहा है." तू नमुन्याचं कापड पिशवीतून काढलंसच नाहीस.

लूम भंगारात गेले तेव्हा तू शेडवर आला नाहीस. फोन काढून टाकायला सांगितलंस. त्यानंतर गावात दोन लग्नं झाली, तुला बोलवायला माणसं आली, तू म्हणालास पाय दुखतात. पाय दुखत नव्हते, हे आईलाही माहीत होतं. तिसऱ्या लग्नाच्या आधीच तू गेलास.

साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुमच्या वडिलांना टेक्निक माहीत नव्हतं. तुला माणसं बोलवायचं टेक्निक माहीत होतं, बाबा. फक्त तिथे दार नव्हतं.

हे पाठवणार कुठे? तुझी आयडी बंदच आहे. एक मात्र सांगते. माझ्याकडे असल्या मेल रोज येतात, कर्जाच्या, औषधांच्या, कसल्या कसल्या. मी त्या लगेच पुसत नाही. आधी अगदी खालपर्यंत जाऊन बघते, कुणी आपलं नाव आणि घरचा फोन लिहिलाय का. अजून तरी कुणी लिहिलेला नाही.