पंचमीची ओहोटी

सर, गेल्या सोमवारी मी आपल्या कॉलेजात कामासाठी गेलो होतो. प्राणिशास्त्राच्या लॅबमधले तीन मायक्रोस्कोप बिघडलेत म्हणून निरोप होता. बिघडले कसले, फोकसची चक्री सैल झाली होती. नळी वर न्यावी तर आपसूक खाली घसरायची. ताण देणारी रिंग आवळली, जुनं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावलं, तिन्ही मिळून दीड तासाचं काम. हत्यारं ठेवायला जागा नव्हती, तर तिथली लॅब असिस्टंट म्हणाली, "काका, तो गठ्ठा खाली ठेवा ना, रद्दीत जायचाय तो." गठ्ठ्यात वरून चौथा, हिरव्या कापडी बांधणीचा, माझा रिपोर्ट होता. उन्हाळी प्रकल्प, सहा आठवडे, मानखुर्दची खाडी. तक्त्याच्या समासात पेन्सिलने लिहिलेल्या तिथी अजून वाचता येतात. तुम्ही गेलात त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ भांडलो, पण कागद पुढे ओढून बसलो तो आजच.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती आणि बाबा घाटकोपरच्या आमच्या चाळीत घरीच बसून होते. माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा संपल्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूमच्या दारात थांबवलंत. म्हणालात, "काय रे, एम.एस्सी. बाय रिसर्च करायचंय म्हणतोस. रिसर्च म्हणजे काय, माहीत आहे का?" मी काहीतरी पुस्तकातलं बोललो. "तसं नाही. सहा आठवडे रोज चिखलात जाऊन उभा राहा. एक दिवस चुकवायचा नाही. सातव्या आठवड्यात परत जावंसं वाटलं, तर ये माझ्याकडे." जागा एकच होती, तुमच्या हाताखाली, आणि जुलैत मुलाखत. सुट्टीतला प्रकल्प ज्याचा चांगला त्याला ती मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचे स्वतःचे गमबूट आणून दिलेत. ते मला एक नंबर मोठे होते. मी पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते घालून चाळीच्या गॅलरीत चालून पाहिलं. पोरं हसली. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या घरात आजवर कुणी प्रोफेसराचे बूट घातले नव्हते.

काम साधं होतं. पूर्ण ओहोटी लागली की तिवरांच्या पुढे, अगदी पाण्याच्या कडेला उघडी पडणारी ठरलेली जागा गाठायची. एक फूट लांब, एक फूट रुंद लाकडी चौकट चिखलावर ठेवायची आणि आतली खेकड्यांची बिळं मोजायची. अशा दहा चौकटी. मग चिखलाचं तापमान, पाण्याचा खारेपणा, वेळ, तारीख. बेचाळीस दिवस, बेचाळीस ओळी. देवनारवरून बस जाताना कचऱ्याच्या डंपिंगचा वास यायचा तेव्हा सगळे नाकाला रुमाल लावायचे. मी वहीवर हात ठेवून बसायचो. खाडीवर कालवं काढायला येणारी एक म्हातारी रोज भेटायची. पहिला आठवडा तिने नुसतं बघितलं, मग विचारलं, "खायचे नाय तर मोजतोस कशाला रे?" मी म्हटलं, आजी, अभ्यास आहे. "आमी पन रोज बगतो, आमाला कोन पास करीत नाय," म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

ओहोटीच्या वेळेसाठी तुम्ही मला बंदरखात्याचा छापील तक्ता दिला होता. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. "झिला, तिथीची पाऊणपट कर, भरती गावतली. तेच्यात सहा तास मिळव नायतर वजा कर, ओहोटी. तुका ह्या पुस्तक कित्याक व्हया?" मी पडताळून पाहिलं. द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी साडेसातला ओहोटी. तृतीयेला सव्वाआठ. चतुर्थीला नऊ. छापील तक्त्याशी दहा-पंधरा मिनिटांचा फरक, जास्त नाही. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तुझे वडील माझे को-गाईड." हे वाक्य मी घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. को-गाईड म्हणजे काय हे बाबांना समजावायला वेळ लागला. समजल्यावर दुसऱ्या दिवशीपासून ते माझ्याआधी उठून पंचांग बघायला लागले.

आणि तो खोडरबर. दहाव्या दिवशी मी वही घेऊन आलो. सत्तावीसचे चोवीस केले होते, नीट खोडून, डाग न ठेवता. तुम्ही पान उजेडाकडे धरलंत. "हे काय?" मी म्हटलं, दुसऱ्यांदा मोजलं सर, चोवीस होती. "मग सत्तावीस कुठे गेले?" तुम्ही माझ्या खिशातून खोडरबर काढून लॅबच्या सिंकमध्ये टाकलात. चार पोरं बघत होती. "पेनने लिहायचं. चुकलं तर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. नाही मोजलं तर जागा रिकामी. रिकाम्या जागेची लाज वाटून घेऊ नकोस, भरलेल्या खोट्याची वाटू दे." माझे कान तापले होते. पण सर, आज माझ्या दुकानात वजनकाट्यांच्या आणि मायक्रोस्कोपच्या दुरुस्तीची जी वही आहे ती पेनने लिहिलेली आहे, आणि तिच्यात खाडाखोड नाही, रेघा आहेत. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

चौथ्या आठवड्यात बाबांना श्वास घेता येईना. म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात तीन दिवस होते, जमिनीवरच्या गादीवर, आणि मी शेजारी. वद्य तृतीया, चतुर्थी, पंचमी. ऑक्सिजनची नळी लावलेली असतानाही त्यांनी बोटाने दाराकडे खूण केली, जा, ओहोटी टळेल. मी गेलो नाही. षष्ठीला साडेदहाची ओहोटी गाठली, तीन ओळी सोडून पुढे लिहिलं आणि सोडलेल्या जागेत कारण लिहिलं: गैरहजर, वडील आजारी. तुम्ही ते पान पाहिलंत. "असू दे," म्हणालात. बाबांची चौकशी केलीत, मोसंबी घ्या म्हणालात. तेव्हा मला वाटलं, माणूस असावा तर असा. सहा आठवडे संपल्यावर वही तुमच्याकडे दिली; टाईप मी करून घेतो, म्हणालात.

मुलाखतीला तिघे. विभागप्रमुख, तुम्ही आणि बाहेरच्या कॉलेजच्या एक बाई. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग बाईंनी माझा रिपोर्ट पुढे ओढला. कॅलेंडर बघून त्यांनी प्रत्येक तारखेसमोर तिथी लिहून आणली होती.

"द्वितीयेला वेळ साडेसात. बरोबर. तृतीयेलाही साडेसात? चतुर्थीला साडेसात, पंचमीला साडेसात, आणि षष्ठीला एकदम साडेदहा? समुद्र तीन दिवस थांबला होता का रे?"

प्रमुख हसले.

"मी गोराईत, खाडीकाठी वाढलेय. पंचमीला साडेसातला ह्या जागेवर गुडघाभर पाणी असतं. ओहोटी पावणेदहाची. पाण्याखालची बिळं मोजलीस कशी? आणि तीही एकतीस?"

तुम्ही आयुष्यभर खाडीवर शिकवलंत सर. पंख्याखाली बसून तीन ओळी भरताना बिळांचे आकडे तर छान बसवलेत, मागच्यापुढच्याशी जुळतील असे, पण वेळ वरच्या ओळीतून तशीच खाली उतरवलीत. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते हे माझ्या आठवी नापास बापाला माहीत होतं. कागदावर तुम्हाला ते आठवलं नाही.

मी म्हटलं, "मॅडम, त्या तीन दिवशी मी खाडीवर नव्हतो. माझ्या वहीत त्या जागा रिकाम्या आहेत."

"मग हे कोणी लिहिलं?"

मी तुमच्याकडे पाहिलं. प्रमुखही तुमच्याकडे वळले, म्हणाले, "तुमचा विद्यार्थी ना? तपासलं नाहीत?" तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसता आहात, हे मला आत्ताही दिसतं. डावी काच, मग उजवी, मग परत डावी. "तपासायला हवं होतं," तुम्ही म्हणालात. "चूक माझी. मी मुलांवर विश्वास टाकतो."

बस, एवढंच. आवाज चढवला नाहीत, माझ्यावर बोट दाखवलं नाहीत. चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत, आणि ती अशी घेतलीत की खोटारडा मी ठरलो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तुम्ही मला गाठलंत. "काय गरज होती तुला? घड्याळ बंद पडलं होतं म्हणाला असतास, तर बाई हसून सोडून देत्या."

"सर, मी तिथे नव्हतोच."

"अरे, मला माहीत नाही का? तीन ओळी रिकाम्या असलेला रिपोर्ट कोण घेतो? तुझ्यासाठीच केलं ना मी?"

"मग आत सांगायचं होतं."

तुम्ही इकडेतिकडे बघितलंत. "आत सांगून मी कुठे जाऊ? तू वीस वर्षांचा आहेस, तुला अजून दहा जागा मिळतील. मला दोन मुली आहेत. डिसेंबरात रीडरची जागा निघतेय."

दहा जागा मिळाल्या नाहीत. एकही मिळाली नाही, कारण त्यानंतर मी कुठे अर्जच केला नाही. बाबांना सांगितलं, जागा एक होती, दुसऱ्याला गेली. ते म्हणाले, "मेल्यांका कळाक नाय." पुढच्या वर्षी मी असल्फ्याला एका गाळ्यात वजनकाट्यांच्या दुरुस्तीला लागलो. काटे झाले, मग मायक्रोस्कोप, मग पाण्याचा खारेपणा मोजायची यंत्रं. कुणी शिकवलं नाही. यंत्र उघडायचं, प्रत्येक स्क्रू काढला त्या क्रमाने कागदावर मांडायचा, इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचायचं, परत जोडायचं. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत निम्म्या कॉलेजांचे काटे मी लावून देतो. मी लावलेल्या काट्यावर मुलं संशोधन करतात. तुम्ही रीडर झालात, मग विभागप्रमुख. दोनदा तुमच्याच लॅबमध्ये मी वाकून काम करत होतो आणि तुम्ही मागून गेलात. एकदा थांबलात. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही. शोकसभेलाही आलो नाही. बोर्डवरची सूचना वाचली, तारीख लक्षात ठेवली.

ज्याने मला खोटं लिहिलेलं ओळखायला शिकवलं, त्याने माझ्या नावावर खोटं लिहिलं, आणि ओळखलं गेल्यावर ते मला देऊन टाकलं. इतकी वर्षं मी हे असंच सांगत आलो. बायकोला, मुलाला, एकदा बसमध्ये अनोळखी माणसालाही.

पण रिपोर्ट हातात आला आणि मी पहिलं पान उलटलं. वर लिहिताना दोन गोष्टी मी गाळल्या. मुलाखतीत बाईंनीही हेच पान उलटलं होतं आणि त्यानंतर मला काही विचारलं नव्हतं. आणि कॉरिडॉरमध्ये जाताजाता तुम्ही वळून म्हणाला होतात, "आणि सही?"

टाईप झालेली पानं बायंडरकडे जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बसवून दिली होतीत. पहिल्या पानावर मजकूर होता, सर्व निरीक्षणे मी स्वतः घेतली आहेत, आणि खाली माझ्या सहीची जागा. मी वाचल्याशिवाय सही करत नाही, तेव्हाही करत नव्हतो. एकोणीसच्या एकोणीस पानं वाचली. टायपिस्टच्या दोन चुका काढून दिल्या. तक्त्यापाशी आलो. तीन वेळा साडेसात मला दिसलं. चुकीचं आहे हे कळायला मला पंचांग लागलं नाही. तुम्ही समोर चहा पीत होतात, आणि मी मान वर केली नाही. बेचाळीस ओळी, एकही जागा मोकळी नाही, चांगला दिसत होता तक्ता. मी सही केली.

हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही. पण तुम्ही असता आणि पाठवलं असतं, तरी हे शेवटचं पान मी पाकिटात घातलं नसतं.