चष्म्याच्या डबीचा रंग

माय, तुझ्या भिंतीचा रंग आजपासून सगळ्या लातूरच्या मोबाइलवर दिसणार हाय. असं माझी नात म्हणती. खरं काय ते सांगते, पण आधी तिचं काम सांगावं लागंल, नाहीतर तू म्हणशील पोरगी भिंती रंगवती का काय. तसं न्हाई. ती थीम बनवती. थीम म्हंजे वेबसाइटचं झंपर समज. दुकान कुणाचं का असंना, क्लास कुणाचा का असंना, अंगावर बसंल असं शिवून ठेवायचं, आन् ज्याला पाहिजे त्यानं आपल्या वेबसाइटला घालायचं. रंग कोणता, अक्षर केवढं, बटण कुठं, समदं ती ठरवती. दिवसभर पडद्यापुढं बसलेली असती, आन् तिची आई येता-जाता विचारती, "काम करून राहिलीस का बघून राहिलीस?"

ज्या खिडकीतून ती हे समदं बघती तिला ब्राउझर म्हणत्यात, आन् त्या ब्राउझरला तिनं बारकी बारकी अवजारं लावलीत. एक मोजपट्टी हाय. एक ड्रॉपर हाय, लेकराला औषध पाजतो तसा. पडद्यावर कुठंबी टेकवला की तिथला रंग उचलतो आन् त्याचा नंबर सांगतो. एक तर असं हाय की म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर दिसंल का न्हाई ते तपासतं. मी म्हणलं, "मग मी कशाला बसलेय इथं?" तवापासून तिनं मला कामालाच लावलं. बाकीच्या पोरापोरींसाठी ती लिहिती बी, कोणतं अवजार घ्यावं, कोणतं फुकटचं घेतलं तर कॉम्प्युटर बसकण मारतो, कोणतं आपलं वाचून बाहेर सांगतं. मी म्हणलं, "चुगलखोर शेजारीण म्हण की त्याला." तिनं तसंच लिहिलं. आन् शेवटी लिहिलं, 'एवढ्या सगळ्यातून पास झालं तरी एकदा आजीला दाखवा.' दुसरीतून शाळा सुटलेली मी, आन् अवजारांत माझी गिनती! दोन दिवस मी जमिनीवर नव्हते बघ.

मग एका क्लासवाल्याचं काम आलं. त्याला लाल पायजे, त्यावर पिवळं पायजे, त्यावर पहिल्या नंबरानं आलेल्या पोरांचे फोटो पायजेत. नात वैतागली. म्हणली, "आजी, डोळे दुखतात गं. शांत रंग सांग एखादा. तुझ्या माहेरची भिंत कसली होती?" आन् तिनं पानाची आतली बाजू उघडली, गोधडी उलटी करून टाके बघावं तशी. म्हणली, "सांग, लगेच लावून बघू. हा बदल फक्त आपल्याच पडद्यावर असतो. पान परत उघडलं की पुसून जातो. भिऊ नको."

माय, तिनं विचारलं तवा मी मनानं तिथं नव्हतेच गं, माहेराकडं जाणाऱ्या औशाच्या रस्त्याला बघत उभी होते. त्या वर्षी गणपतीत लक्ष्म्या बसायच्या आधी तू भिंत रंगवलीस. मूग विकायला इथल्या मोंढ्यात आलेल्या गावच्या माणसाजवळ निरोप धाडलास, "औंदा नुसता चुना न्हाई. नीळ घातली, आन् आणखी एक गंमत घातली. काय ते सांगत न्हाई, येऊन बघ म्हणावं." मी तवा लातुरात क्लासच्या पोरांना जेवणाचे डबे करून द्यायचे; दारात डबे मांडलेले, हाताला पीठ. मी त्याला म्हणलं, "पोरांच्या परीक्षा हायत, दिवाळीला येते. भिंत काय पळून चालली का म्हणावं." तो हसला. तुला जाऊन तसंच सांगितलं असंल. तू बी हसली असशील.

दिवाळी आलीच न्हाई. धरणी हलल्यावर मी पोचले तवा वरून पाऊस पडून घराचा चिखल झाला होता. दगडाला चुना होता का नीळ, बघायला डोळे कुठं होते.

आन् नात तर वाट बघून राहिली होती. समोर माझी चष्म्याची डबी पडली होती, दवाखान्यात मिळालेली, फिकट निळी. मी म्हणलं, "असा. जरा पांढरा. आणखी जरा." ती एकेक रंग लावून बघती, मी डबीकडं बघून मान हलवते. जुळला तशी मी डबी पदराखाली घेतली. "एवढा पक्का ध्यानात हाय?" म्हणली. मी म्हणलं, "आईची भिंत हाय, ध्यानात न राहायला काय झालं!" तोवर तो आमच्या दोघींच्याच पडद्यावर होता, माय. मी खरं बोलले असते तर एका बोटानं पुसला गेला असता. न्हाई बोलले. क्लासवाल्याला आवडला. तिनं त्या रंगाला नाव दिलं, 'पणजीची भिंत', आन् खाली तुझी चार ओळींची गोष्ट लिहिली.

आत्ता मोबाइल घेऊन आली होती. "बघ आजी, अशीच होती ना?" डोळे भरले होते तिचे. मी म्हणलं, "हाव, अगदी अशीच." आता मी डोळे मिटले तरी भिंत तशीच येती, डबीच्या रंगाची, आन् तिच्यापुढं तू. छान दिसतीस गं. त्याचंच भ्या वाटतं. त्या निळीत तू काय घातलं होतंस, ते सांगायला गावात कुणी उरलं न्हाई.

क्लासच्या जाहिरातीचा कागद मागून कोरा असतो, त्यावर हे लिहिलं. घडी करून त्याच डबीत ठेवते, चष्म्याखाली. नातीला सांगणार हाय मी. दिवाळीला समदे घरी आले की सांगते. माझी दिवाळी तुला ठाऊकच हाय.